सल्ला: मॅनेजमेंट शिकतेय, पण तिघींचा छोटासा धंदाही सांभाळता आला नाही

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून:

मॅनेजमेंटच्या डिग्रीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने लिहिलंय. बिझनेस शिकायचा म्हणून हौसेने अॅडमिशन घेतली, पण वर्गात नुसत्या व्याख्या, फेयोलची १४ तत्त्वं, मास्लोचा पिरॅमिड, मार्केटिंगचे चार पी, पाठ करा आणि पेपरात उतरवा. अकाउंट्स डोक्यावरून जातं, आणि सगळे म्हणतात त्यासाठी पुढे अकाउंटंट ठेवता येतो. मग मागच्या टर्मला तिने आणि दोन मैत्रिणींनी मिळून कॉलेजच्या फेस्टसाठी टीशर्ट विकले. छपाईवाल्याने सांगितलं ८० घेतले तर नगाला ३३०, १०० घेतले तर ३००, म्हणून १०० घेतले. डिझाइन आणि छपाईच्या स्क्रीनचे ६,००० वेगळे. विकले ४५० ला. ८० गेले, त्यातले ३० उधारीवर, २० पडून आहेत आणि त्यावर वर्ष छापलंय. साइझची यादी दोघींनी छपाईवाल्याला वेगवेगळी दिली म्हणून उरलेले बहुतेक स्मॉल आहेत. एक मैत्रीण म्हणते ६,००० नफा झालाय तो वाटून घेऊ, दुसरी म्हणते नफा कसला, घातलेले पैसेच परत आले नाहीत. उरलेले १५० ला काढू म्हटलं तर पहिलीचं म्हणणं तोट्यात कशाला विकायचे. आता तिघी नीट बोलत नाहीत. पत्राच्या शेवटी ती विचारते, ‘माझ्यात लीडरशिप नाहीच बहुतेक, चारचौघांत बोलायला पण मी घाबरते. डिग्री सोडून सरळ धंद्यात पडू, का शाखाच बदलू, का गाइड वाचून पास होत राहू?’

उत्तर:

तू म्हणतेस तुला मॅनेजमेंट जमत नाही, पण तुझ्या पत्रात जे आकडे आणि जी भांडणं आहेत त्यात पहिल्या वर्षाचा जवळपास सगळा सिलॅबस आलाय. म्हणून डिग्री सोडायची का धरायची हे जरा बाजूला ठेव, आधी टीशर्टचा हिशोब नीट मांडू.

४५० ला विकलेला टीशर्ट ३०० ला पडला, म्हणजे नगामागे १५० सुटले. डिझाइन आणि स्क्रीनचा ६,००० खर्च मात्र एक टीशर्ट छापा नाहीतर हजार छापा, तेवढाच राहणार. ६,००० भागिले १५० केलं की ४० येतात, म्हणजे ४० टीशर्ट गेल्यावर तुमचा स्थिर खर्च भरून निघाला आणि ४१ व्यापासून नफा सुरू झाला. ब्रेक-ईव्हन पॉइंट म्हणून जो आलेख तुला काढायला लावतात तो हाच, फक्त तिथे टीशर्ट नसतात, एक्स आणि वाय असतात, म्हणून तो आपला वाटत नाही. तुम्ही ८० विकले, ४० जास्तीचे, ४० गुणिले १५० म्हणजे ६,००० नफा. पहिली मैत्रीण बरोबर.

आता दुसरी काय म्हणते ते बघ. खिशातून गेले ३०,००० मालाचे आणि ६,००० डिझाइनचे, एकूण ३६,०००. विक्री झाली ८० गुणिले ४५०, तीही ३६,०००. पण ३० जणांनी अजून दिलेच नाहीत, ते १३,५०० लोकांकडे अडकलेत. हातात आले २२,५००. म्हणजे कागदावर ६,००० नफा आणि हातात १३,५०० ची तूट, आणि दोन्ही एकाच वेळी खरं. दुसरी मैत्रीण पण बरोबर. तो फरक गेला कुठे? येणं १३,५००, पडलेला माल ६,००० चा, आणि त्यातून १३,५०० ची तूट वजा केलीस की बरोबर ६,००० उरतात. सुटं वाटणारं सगळं जुळतं. यालाच बॅलन्स शीट म्हणतात आणि तुमच्यातलं भांडण अर्धंअधिक या एका कागदाने मिटलं असतं, कारण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं समजून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होत्या.

अजून एक पायरी आहे आणि ती जरा कडू आहे. पडलेल्या २० टीशर्टवर वर्ष छापलंय. अकाउंटिंगचा नियम असा की शिल्लक माल खरेदीच्या किमतीला धरायचा किंवा विकून खरोखर हाती येईल त्या किमतीला, जे कमी असेल ते. ते कोणी घेणारच नसेल तर त्यांची किंमत शून्य, मग ६,००० च्या नफ्यातून ६,००० गेले आणि उरलं शून्य. म्हणून नफा आत्ता वाटून घेऊ नका, आधी उधारी येऊ दे आणि मालाचं काय होतं ते बघा.

मग स्वस्त पडतात म्हणून १०० घेतले ते चुकलं का? ८० घेतले असते तर नगाला ३३० पडले असते, २६,४०० आणि ६,००० मिळून ३२,४०० खर्च, विक्री ३६,०००, म्हणजे ३,६०० नफा, आणि पडून काहीच नाही. हे आज कळतंय, तेव्हा ८० जातील का ९५ हे कोणाला माहीत होतं, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नकोस. पण नगामागची किंमत कमी दिसली की एकूण खर्च कमी झाला असं वाटतं, आणि यात पहिल्या वर्षाच्या मुलांपासून मोठमोठ्या खरेदी खात्यांपर्यंत सगळे अडकतात. पुढच्या वेळी आधी ऑर्डर घ्या आणि ऑर्डरसोबत निम्मे पैसे घ्या. एवढ्या एका गोष्टीने किती छापायचे हे कळतं, साइझ कळते, उधारी जवळपास संपते आणि स्वतःचे पैसे कमी घालावे लागतात. डेल कंपनी १९९० च्या दशकात कॉम्प्युटर विकून वर आली त्यामागे हेच मोठं कारण होतं, गिऱ्हाइकाची ऑर्डर आधी, मग जोडणी, आणि सुटे भाग देणाऱ्यांचे पैसे चुकवायच्या आधी गिऱ्हाइकाचे पैसे हातात. वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशांचा धडा जेव्हा येईल तेव्हा हे डोक्यात ठेवून वाच.

पहिल्या मैत्रिणीचं दुसरं म्हणणं, ३०० ला घेतलेला १५० ला कसा द्यायचा. माणसाला असं वाटतंच, पण ते ३०० गेलेले आहेत, टीशर्ट विकला तरी गेलेत आणि कपाटात ठेवला तरी गेलेत. आजचा प्रश्न एवढाच की १५० हवेत का शून्य. अर्थशास्त्रात याला संक कॉस्ट म्हणतात. एक गोष्ट मात्र तिची ऐकण्यासारखी आहे, ज्यांनी ४५० दिले त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच १५० ला काढले तर पुढच्या वर्षी सगळे शेवटपर्यंत थांबतील, म्हणून जरा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या लोकांना काढा.

आता ‘अकाउंटंट ठेवता येतो’ याबद्दल. ठेवता येतो ना, ठेवावाच. पण तो नोंदी बरोबर करेल, १०० घ्यायचे का ८०, उधारी द्यायची का नाही, हे ठरवायला तो तिथे नसेल, तू असशील. दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची पद्धत लुका पाचोली नावाच्या गणिती पाद्र्याने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली, पण त्याने ती शोधून काढली नव्हती, इटलीतले व्यापारी आधीपासून वापरत होते, त्याने नीट लिहून काढली. आपला माल आणि आपली येणी डोक्यात मावेनात म्हणून व्यापाऱ्यांनी ती स्वतःसाठी घडवली. तुला जो विषय कारकुनी वाटतो तो मुळात धंदेवाल्यांचाच आहे. मला विचारशील तर पहिल्या वर्षात एकच विषय मनापासून करायचा असेल तर अकाउंट्स कर, बाकीचे नंतर भरून काढता येतात.

फेयोलकडे येऊ, कारण तुझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर दिसतोय. आंरी फेयोल प्राध्यापक नव्हता. खाणीतला इंजिनिअर होता, १८८८ मध्ये एक बुडायला आलेली खाण आणि लोखंडाची कंपनी त्याच्या हातात आली, ती त्याने सावरली आणि १९१८ पर्यंत चालवली. ती १४ तत्त्वं त्याने १९१६ मध्ये लिहिली, म्हणजे जवळपास तीस वर्षं लोकांची कामं, भांडणं, पगार, हुकूम हे सगळं निस्तरून झाल्यावर. आणि त्याने स्वतःच म्हटलंय की ही तत्त्वं लवचिक आहेत आणि त्यांची संख्या काही ठरलेली नाही. आपण मात्र चौदाच्या चौदा क्रमाने पाठ करतो आणि एक विसरलं की मार्क जातात म्हणून रडतो.

त्यातलं एक, एका माणसाला हुकूम एकाच ठिकाणाहून यावा. पेपरात त्याची व्याख्या दोन मार्कांना येते. तुमच्याकडे दोघींनी छपाईवाल्याला दोन याद्या दिल्या, तो बिचारा गोंधळला, आणि स्मॉलचा ढीग पडला. दुसरं, ज्याच्यावर जबाबदारी त्याला तेवढा अधिकारही हवा. उधारी वसूल करायची जबाबदारी कोणाची होती? पत्रात कुठे दिसत नाही, मला वाटतं कोणाचीच नव्हती. आणि उधारी द्यायची का नाही हे कोण ठरवत होतं? ज्या मुलीसमोर गिऱ्हाईक उभं राहिलं ती. म्हणजे अधिकार तिघींकडे होता आणि जबाबदारी एकीकडेही नव्हती. यात कोणाचा स्वभाव वाईट नाही, कामाची मांडणीच अशी होती की भांडण होणारच होतं. हे फार महत्त्वाचं आहे कारण तुम्ही तिघी आत्ता एकमेकींच्या स्वभावाला नावं ठेवताय.

मास्लोचं थोडक्यात. या मानसशास्त्रज्ञाने १९४३ च्या लेखात माणसाच्या गरजांची उतरंड मांडली पण त्यात पिरॅमिड काढलेला नाही, ते चित्र नंतरच्या लोकांनी केलं, आणि खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची येतच नाही असंही त्याचं म्हणणं नव्हतं. म्हणजे आपण जे पाठ करतो ते पुष्कळदा कोणीतरी परीक्षेपुरतं सोपं केलेलं रूप असतं. त्यामुळे ते कोरडं वाटलं तर तो दोष तुझ्यात नाही. दर वेळी विचारायचं की ही गोष्ट मुळात कोणाची कुठली अडचण सोडवायला लिहिली गेली, आणि ती अडचण मी कुठे पाहिलीय का. कुठेच दिसली नाही तर ठीक आहे, पाठ कर आणि पुढे जा, सगळंच आत्ता समजलं पाहिजे असं नाही.

‘माझ्यात लीडरशिप नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण अशी पत्रं खूप येतात आणि बहुतेक शांत मुलामुलींची येतात. मॅनेजर म्हणजे स्टेजवर उभं राहून बोलणारा माणूस असं चित्र आपल्या डोक्यात बसलंय. मॅनेजमेंटचा अभ्यासक हेन्री मिंट्झबर्गने पाच संस्थांच्या मुख्य अधिकाऱ्यांसोबत एकेक आठवडा राहून ते दिवसभर नक्की करतात काय ते टिपलं आणि १९७३ मध्ये छापलं. त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपणारी होती. फोन, कोणीतरी दारात उभं, एक कागद, एक तक्रार, परत फोन. निवांत बसून भव्य प्लॅन करणारा माणूस त्यात फारसा सापडला नाही. आता मला सांग, ३० जणांच्या उधारीची यादी ठेवणं, आठवण करणं, छपाईवाल्याला एकच पक्की यादी देणं, यासाठी भाषण करावं लागतं का? लागते ती नीट ऐकायची, लिहून ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी विचारायची सवय, आणि तुझं पत्र ज्या बारकाईने लिहिलंय त्यावरून ती सवय तुला आहे. बोलायची भीती वेगळी, ती सरावाने कमी होते, ग्रुप प्रेझेंटेशनमध्ये सुरुवातीला आकड्यांची स्लाइड तू घे, कारण आकडे माहीत असले की माणूस कमी घाबरतो.

आता तुझे तीन पर्याय.

डिग्री सोडून धंदा. ज्यांनी कॉलेज सोडून मोठ्या कंपन्या उभ्या केल्या त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, ज्यांनी सोडलं आणि काहीच झालं नाही त्यांची नावं कोणी लिहीत नाही, म्हणून ते गणित फसवं दिसतं. आणि त्या मोठ्या नावांमध्येही बघ, बिल गेट्सने १९७५ मध्ये हार्वर्डमधलं शिक्षण थांबवलं तेव्हा त्याच्याकडे एका कॉम्प्युटर कंपनीसाठी चालणारं सॉफ्टवेअर होतं, म्हणजे काम आधी आणि सोडणं नंतर. तुझ्याकडे आज असा धंदा आहे का ज्याची गिऱ्हाइकं तुझ्यासाठी थांबलीयत आणि कॉलेजच्या वेळेमुळे तू त्यांना नाही म्हणतेयस? असेल तर मी वेगळं उत्तर देईन. नसेल तर तू धंद्याकडे जात नाहीयेस, अकाउंट्सच्या पेपरपासून लांब जातेयस, आणि अकाउंट्स तुला धंद्यातही भेटणारच आहे, तिथे तर रिपीटर म्हणून परत बसायची सोय पण नाही.

शाखा बदलणं. यात काही कमीपणा नाही आणि कधीकधी तेच बरोबर असतं. पण निकष लाव. वर मी टीशर्टचा हिशोब केला तो वाचताना तुला कंटाळा आला का, का पुढे काय येतंय ते बघावंसं वाटलं? लोकांमध्ये काम कसं वाटायचं, कोण का चिडलं, हे प्रश्न तुला ओढतात का? आकडेही नकोत आणि माणसंही नकोत असं एक पूर्ण टर्म नीट प्रयत्न करूनही वाटत राहिलं, तर बदल, उगाच तीन वर्षं ओढू नकोस. फक्त शिक्षक रटाळ आहेत म्हणून बदलू नकोस, रटाळ शिक्षक सगळ्या शाखांत मिळतात.

गाइड वाचून पास होणं. हा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो कारण यात काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. मार्क येतात, डिग्री येते आणि पहिल्या नोकरीत कोणीतरी विचारतं की विक्री वाढली तरी बँकेत पैसे का नाहीत, तेव्हा माणूस गप्प होतो.

म्हणून मी चौथं सांगते. डिग्रीत रहा, पण टर्मभर एखादं छोटं खरं काम सोबत ठेव, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं. ओळखीत कोणाचा छोटा व्यवसाय असेल तर पैसे न मागता आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे बस आणि चार गोष्टी बघ, पैसे कधी आत येतात, कधी बाहेर जातात, माल किती दिवस पडून राहतो, आणि कुठला निर्णय कोणाला विचारल्याशिवाय होत नाही. एका वहीत लिही. वर्गात जो धडा चालू असेल तो त्या वहीशी लावून बघ, काही धडे चिकटतील, काही नाही. परीक्षेत पण याचा फायदा होतो, व्याख्येनंतर स्वतःचं एक खरं उदाहरण दिलं की उत्तर भरीव होतं.

आणि तुम्ही तिघींनी तुमचे कष्ट कुठे धरले? किती संध्याकाळी गेल्या त्याचा एकही आकडा हिशोबात नाही. अकाउंट्समध्ये तो येणार नाही कारण पैसे दिलेच नाहीत, पण अर्थशास्त्र विचारेल की त्याच वेळेत तुम्ही दुसरं काय कमावलं असतं. पुढचा धंदा करायचा का हे ठरवताना तो प्रश्न स्वतःला विचारा.

मैत्रिणींचं आधी उरक. ग्रुपवर मोठमोठे मेसेज नकोत, समोरासमोर बसा आणि एका कागदावर तीनच गोष्टी लिहा, कोणी किती घातले, कोणाकडून किती यायचेत, किती टीशर्ट उरले. नफा आणि कॅश वेगळे रकाने. मग उधारीची पूर्ण यादी एकीकडे, उरलेला माल दुसरीकडे, हिशोब तिसरीकडे, आणि एक तारीख. जसे पैसे येतील तसे आधी प्रत्येकीचे घातलेले परत, त्या प्रमाणात, आणि त्यानंतर काही उरलं तर वाटणी. उधारीवाल्यांना मेसेज एकाच नावाने जाऊ दे, साधा, रक्कम आणि तारीख लिहून, माफी मागत नको आणि टोमणेही नकोत. आणि पुढच्या वेळी एकत्र काही करणार असाल तर हा कागद माल घ्यायच्या आधी करा, ग्रुप असाइनमेंटसाठीसुद्धा.

तुझ्यासारखी अजून बरीच मुलं हे वाचत असतील आणि सगळ्यांनी टीशर्ट विकलेले नसतील, त्यांच्यासाठी पण एक. शेअर बाजारात असलेल्या कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. अध्यक्षांचं पत्र नंतर वाचा, आधी कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे पैसे कुठून आले आणि कुठे गेले याचा तक्ता काढा. निव्वळ नफा आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली कॅश, पाच वर्षांचे आकडे शेजारीशेजारी मांडा. मग येणी भागिले वर्षाची विक्री गुणिले ३६५ करा, सरासरी उधारी किती दिवसांनी येते ते कळतं. नफा दरवर्षी वाढतोय, कॅश वाढत नाहीये आणि उधारीचे दिवसही वाढतायत असं दिसलं तर तो कागद घेऊन अकाउंट्सच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा आणि विचारा हे असं का झालं असेल. अशा प्रश्नावर बहुतेक शिक्षक तास संपल्यावरसुद्धा थांबून बोलतात.